धंद्याची वेबसाइट कोणाला बनवायला द्यावी?

वरुड-मोर्शीचा संत्रा बागायतदार असो, समुद्रपूरकडचा हळद दळून विकणारा असो की एखादा डाळ मिलवाला, सगळ्यांना हल्ली एक फोन येतो. "सर, एकदम स्वस्तात वेबसाइट करून देतो, गुगलवर पहिल्या नंबरला आणतो." तो तिथेच ठेवून द्यावा. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलनेच सांगून ठेवलं आहे.

१. आधी काम ठरवा, माणूस नंतर

गिऱ्हाईक साइटवर येऊन नेमकं काय करणार, ते कागदावर लिहा. नुसता पत्ता, फोन आणि दुकानाची वेळ पाहायची असेल, तर साइटची गरजच नाही. गुगल मॅपवर धंद्याची नोंद फुकट होते आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर मालाचा कॅटलॉगही लावता येतो. कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टर दुरुस्ती, मंगल कार्यालय यांचं बहुतेक एवढ्यावर भागतं. पुण्या-मुंबईला पाकिटं कुरिअरने पाठवायची आणि पैसे आधी घ्यायचे असतील, तर साइट हवी. वायगाव हळदीसारखा भौगोलिक मानांकन मिळालेला माल असेल तर नक्कीच, कारण तो नावाने शोधणारं गिऱ्हाईक असतं.

२. कोण कोण मिळतं

नात्यातला इंजिनीअरिंगचा पोट्टा, तालुक्याचा डीटीपीवाला, आणि नागपूर-अमरावतीची कंपनी. पोट्ट्याला काम येतं, पण नोकरी लागली की तो पुण्याला जातो. डीटीपीवाला हाकेच्या अंतरावर असतो, पण पत्रिका-बॅनर करणं वेगळं आणि साइट चालवणं वेगळं. कंपनीकडे माणसं असतात, मात्र तुमचं काम छोटं असलं की ते मागे पडतं. माझं मत विचाराल तर चार-पाच साइट करून त्या आजही सांभाळणारा, तासा-दोन तासांच्या अंतरावरचा माणूस बरा. त्याचं ऑफिस नसलं तरी चालेल.

३. जुनं काम स्वतःच्या मोबाइलवर उघडा

त्याच्या लॅपटॉपवर पाहू नका. त्याने केलेल्या तीन साइटचे पत्ते घ्या आणि गावी, वायफाय बंद करून, रेंज जिथे जेमतेम असते तिथे उघडा. फोटो यायला वेळ लागला, तर गिऱ्हाईक थांबत नाही.

मग मराठी मजकुराची एक ओळ बोटाने धरून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. जशीच्या तशी उतरली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीने टाइप केलेला आहे. भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली, तर त्याने जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. ओळ धरताच येत नसेल, तर मजकूर बहुधा फोटो करून चिकटवलाय. दोन्हीत गुगलला तो शब्द म्हणून नीट सापडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांची सवय अजून जुन्या फॉन्टची आहे, म्हणून ही तपासणी टाळू नका.

शेवटी त्या साइटच्या मालकांना फोन लावा. "काम कसं केलं?" असं विचारलं की सगळेच "चांगलं केलं" म्हणतात. विचारायचं हे: "भाव बदलायचा असला तर किती दिवसांत बदलून देतो?" खरं उत्तर मग येतं: "कराले तं केलं भाऊ, पण आता फोनच नाही उचलत."

४. डोमेन तुमच्याच नावावर

भांडणं इथे होतात. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, आणि तो ज्याच्या खात्यात त्याची साइट. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून वावर आपलं म्हणता येत नाही, तसंच हे. "मी माझ्या खात्यातून घेऊन टाकतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका," असं तो म्हणाला तर नाही म्हणा. समोर बसून खातं उघडा. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे आणि मालकाच्या रकान्यात तुमचं नाव दिसलं पाहिजे. होस्टिंगचंही, म्हणजे साइट जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेचंही, तसंच. मुदत संपून नूतनीकरण राहिलं, तर काही काळाने तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.

देवनागरीत .भारत डोमेन २०१४ पासून मिळतं. हौस असेल तर घ्या, पण सोबत .इन ठेवा; बरेच लोक पत्ता इंग्रजीतच टाइप करतात.

५. भाव लेखी घ्या

एकरकमी आकडा नको. डोमेन, होस्टिंग, पानं किती, मजकूर कोण लिहिणार, दुरुस्त्या किती वेळा, आणि दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी किती, हे वेगवेगळं लिहून मागा. पहिल्या वर्षी डोमेन स्वस्त असतं, खरा भाव नूतनीकरणाला कळतो. समोरच्याची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के धरलेत की वर लागणार, तेही विचारा. पैसे तीन हप्त्यांत द्या. शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड हातात आल्यावर आणि तुम्ही स्वतः एका मालाचा भाव बदलून पाहिल्यावर.

खाण्याचा माल विकत असाल आणि त्याने एफएसएसएआय नंबर (खाद्यपदार्थ विक्रीच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा), परताव्याचे नियम, चालू खातं यांबद्दल स्वतःहून विचारलं, तर त्याने असं काम आधी केलेलं आहे असं समजा. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपन्या, हे सगळं तपासूनच परवानगी देतात आणि त्यात दिवस जातात. त्यामुळे अंबिया बहाराचा (पावसाळा सरता सरता तोडणीला येणारा) संत्रा साइटवरून विकायचा असेल तर काम पावसाळ्यातच द्या. तोडणी लागल्यावर तुम्हाला फोटो काढायला वेळ नसतो.