पोळ्याच्या तोंडावर चॅप्टरची नोटीस आली? घाबरू नका, पण डोळे मिटून सही पण करू नका

पोळा जवळ आला की आमच्या नागपूरच्या महाल-इतवारीत दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे गल्लीगल्लीत बडग्यांच्या (मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे मोठे पुतळे) सांगाड्याला बांबू अन् रद्दी पेपर लागत असतात, आणि दुसरं म्हणजे बीट जमादार कागदांचा गठ्ठा घेऊन घरं विचारत फिरत असतो. त्या गठ्ठ्यात चॅप्टरच्या, म्हणजे राडा होण्याआधीच शांततेची हमी मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाईच्या, नोटिसा असतात. मारबत, मागोमाग गणपती, मग देवी, असा सगळा सीझन लागून येतो म्हणून पोलीस आधीच याद्या काढून ठेवतात, आणि त्या यादीत खरोखर राडा करणारा पण असतो अन् दहा वर्षांपूर्वी वर्गणीवरून एकदा तोंडातोंडी झालेला माणूस पण असतो.

मला आली तेव्हा मी बडग्याच्या डोक्याला खळ लावत होतो. हात चिकट, तसाच कागद घेतला, त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले ते अजून आहेत. आई म्हणे आता पोराची नोकरी गेली. शेजारचा म्हणे काही नाही बे, जायचं, सही मारायची, घरी यायचं. दोघंही चूक होते, म्हणून हे लिहून राहिलो.

पहिले हे समजून घ्या की हा एफआयआर नाही, शिक्षा पण नाही. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) १०७ कलम १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १२६ झालं, पण स्टेशनात आजही सगळे "एकशेसात"च म्हणतात. त्यात इतकंच असतं की तुमच्याकडून शांततेचा भंग होईल अशी माहिती मिळाली आहे, तर शांतता ठेवण्याचा बाँड (लेखी हमीपत्र) तुमच्याकडून का घेऊ नये ते सांगा, आणि हा बाँड जास्तीत जास्त एका वर्षाचा. म्हणजे तो प्रश्न आहे न भाऊ, अन् प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. नव्वद टक्के लोक उत्तर देतच नाहीत (हा आपला माझा अंदाज, चौकातला), ते डायरेक्ट बाँड देऊन मोकळे होतात अन् मग वर्षभर टांगती तलवार.

आता नागपुरातली मेख अशी आहे की इथे कमिशनरेट (पोलीस आयुक्तालय) आहे, त्यामुळे हे चॅप्टर बहुतेक वेळा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) साहेबांसमोर चालतं, विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून. रिपोर्ट पाठवणारं पोलीस स्टेशन, ऐकणारे पण पोलीस खात्यातलेच. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही, कायद्यानेच त्यांना तो अधिकार दिला आहे. पण म्हणूनच जे काय बोलायचं ते कागदावर बोला, कारण पुढे सेशन कोर्टात गेलात तर तिथे तुमचा आवाज पोहोचत नाही, फाईल पोहोचते.

नोटीस हातात आली की तारीख लिहून घ्या, कोणी दिली त्याचं नाव-बक्कल नंबर लिहा, आणि सगळी पानं मोजा. नुसतं "अमुक तारखेला हजर राहा" एवढं एकच पान असेल तर ते अर्धवट आहे. बीएनएसएसच्या १३० कलमाप्रमाणे मॅजिस्ट्रेटने लेखी आदेश काढायचा असतो आणि त्यात मिळालेल्या माहितीचा सारांश, बाँड किती रुपयांचा, किती मुदतीचा, जामीनदार किती, हे सगळं पाहिजे. समन्ससोबत त्या आदेशाची प्रत द्यायची असते, ते १३३ मध्ये आहे. नसेल तर पहिल्याच तारखेला प्रत मागा, लेखी मागा, आणि मागितल्याची पोच घ्या. आवक शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा.

मग सारांश वाचा, जीव लावून वाचा. माझ्या कागदावर लिहिलं होतं की मी "भांडखोर व दादागिरी करणारा इसम असून परिसरात दहशत आहे". आमच्या मंडळातल्या पाच जणांना आल्या होत्या नोटिसा, आम्ही चौकात तर्री-पोहे खाता खाता पाची कागद शेजारी शेजारी ठेवले तर पाचही जणांची तीच दहशत, तोच स्वल्पविराम, आणि त्यातले एक आमचे काका, रिटायर्ड, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जे जिना पण बाजूने उतरतात. आम्ही हसलो खूप. पण वकील मॅडम हसल्या नाहीत, त्या म्हणाल्या हाच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, कारण सारांश म्हणजे माहिती पाहिजे: कोणत्या तारखेला, कुठे, काय केलं, आता काय करण्याची शक्यता आहे. विशेषणं म्हणजे माहिती नाही. पाची जणांच्या नोटिसांच्या झेरॉक्स एकत्र लावल्या अन् तेच उत्तराला जोडलं.

उत्तर लिहायला फार इंग्रजी-फिंग्रजी लागत नाही. मी दिलेलं साधारण असं होतं, तुम्ही तुमच्या हिशोबाने बदला:

"मा. विशेष कार्यकारी दंडाधिकारी साहेब, आपली नोटीस मला अमुक तारखेला मिळाली. नोटिसीत माझ्याविरुद्ध कोणत्याही घटनेची तारीख, ठिकाण वा तपशील नाही. माझ्यावर एकही गुन्हा नोंद नाही. २०१४ साली एक एनसी (अदखलपात्र तक्रार) झाली होती, ती वर्गणीच्या वादातली असून तक्रारदार व मी आज एकाच मंडळात आहोत, त्यांचं पत्र सोबत जोडलं आहे. ज्या रिपोर्टवरून व जबाबांवरून ही कारवाई सुरू केली त्यांच्या प्रती मिळाव्यात व साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची संधी मिळावी. मला आरोप मान्य नाहीत. कारवाई बंद करावी."

बस. एनसी लपवू नका हां, ती त्यांच्याकडे आहेच, तुम्ही आधी सांगितली तर तिच्यातली हवा जाते. खरंच एखादा गुन्हा नोंद असेल तर त्याचं आज काय झालं, सुटका झाली की पेंडिंग आहे, ते लिहा आणि कोर्टाचा कागद जोडा.

तारखेच्या दिवशी वेळेवर जा. गेलाच नाहीत तर पुढे वॉरंट निघू शकतं अन् मग सांगता येत नाही की मी सज्जन आहे. स्वतः जाणं अगदीच शक्य नसेल तर वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी मागता येते. वकिलाचे पैसे नसतील तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, पात्र असाल तर फुकट वकील देतात, १५१०० वर फोन करून पण विचारता येतं.

आणि इथे खरा खेळ होतो. टेबलावर छापील बाँड तयारच असतो. हवालदार अगदी प्रेमाने म्हणतो, दादा इथं सही करा, फॉर्मॅलिटी आहे. कायद्याचा क्रम असा आहे की आधी आदेश वाचून दाखवायचा, मग माहिती खरी की खोटी याची चौकशी, साक्षीपुरावा, आणि गरज सिद्ध झाली तरच बाँडची ऑर्डर. चौकशी संपायच्या आधी अंतरिम बाँड घेता येतो, नाही असं नाही, पण चौकशी सुरू झालेली पाहिजे, तातडीची गरज पाहिजे आणि कारणं लेखी नोंदवलेली पाहिजेत. यावर १९७० चा सुप्रीम कोर्टाचा सात जजेसचा निकाल आहे, मधु लिमये केसचा. आपले मधु लिमये, पुण्याचे, बिहारात मुंगेरच्या मॅजिस्ट्रेटविरुद्ध लढले होते. कोर्टाने १०७ आणि १४४ (जमावबंदीचं) दोन्ही कलमं घटनेत बसतात असंच सांगितलं, पण चौकशी सुरू न करता अंतरिम बाँड मागता येणार नाही हे पण ठणकावलं.

तो निकाल लिहिणारे हिदायतुल्ला साहेब आपल्या मॉरिस कॉलेजचे, १९५४ ला नागपूर हायकोर्टाचे चीफ जस्टिस झालेले. त्यांचंच आधीचं एक निकालपत्र आहे, १९६५ चं, राममनोहर लोहियांच्या केसमधलं. त्यात त्यांनी तीन वर्तुळं काढून दाखवली: मोठं वर्तुळ कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. लोहियांना स्थानबद्ध करणाऱ्या आदेशात सार्वजनिक सुव्यवस्थेच्या ऐवजी नुसतं कायदा-सुव्यवस्था लिहिलं होतं, तेवढ्यावरून सुटले ते. एका शब्दावरून! म्हणून म्हणतो नोटिसीतला शब्द न् शब्द वाचा.

तर सही मागितली की आडमुठेपणा करायचा नाही, शांतपणे विचारायचं की साहेब चौकशी सुरू झाली का, अंतरिम आदेश लेखी आहे का, त्याची प्रत द्या. नुसतं "मी देतच नाही जा" असं म्हणू नका, कारण रीतसर लेखी अंतरिम आदेश झाल्यावर बाँड दिला नाही तर बाँड देईपर्यंत किंवा चौकशी संपेपर्यंत कस्टडीत ठेवू शकतात. अशा वेळी जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर घ्या अशी विनंती करा, कायद्यात तशी सोय आहे. रक्कम पण मूळ आदेशापेक्षा वाढवता येत नाही. माझ्या वेळी मी प्रत मागितली तर हवालदार आत गेला, बाहेर आला, म्हणाला पुढची तारीख घ्या. तेवढंच झालं त्या दिवशी. मारबत मधेच येऊन गेली, मी ढोलापुढे नाचलो, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडलो, कोणी अडवलं नाही.

आता दुसरी बाजू. काही वकील मित्र म्हणतात हे चॅप्टरच इंग्रजांच्या जमान्याचं आहे, काढून टाका. मला नाही पटत. आमच्याच गल्लीत दोघा सख्ख्या भावांची नालीवरून कुऱ्हाड निघायची वेळ आली होती, दोघांवर चॅप्टर भरलं, वर्षभर दोघंही मान खाली घालून गेले, आज एका ताटात जेवतात असं नाही पण जिवंत आहेत. आणि १७ मार्च २०२५ ची दंगलीची रात्र महालात ज्यांनी पाहिली त्यांना पोलीस नकोत असं म्हणता येणार नाही. तेव्हा बीएनएसएसचं १६३ लावून संचारबंदी केली होती, जुनं १४४ ते हेच. दूध आणायचे वांधे झाले होते पण मी तरी तक्रार केली नाही, गरज डोळ्यांसमोर होती. मात्र त्याच दंगलीनंतर आरोपींच्या घरांवर जेसीबी चालला तेव्हा २४ मार्चला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पाडापाडीला स्थगिती दिली, कारण सुनावणीच दिली नव्हती, आणि सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगून ठेवलं होतं की १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडायचं नाही. संचारबंदी मान्य आणि जेसीबी अमान्य, यात मला काही उलटसुलट वाटत नाही.

चॅप्टर आणि उचलणं यात गल्लत करू नका. मिरवणुकीच्या आदल्या रात्री येऊन घेऊन गेले तर ते १७० कलम (जुनं १५१), दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत असेल आणि दुसऱ्या कुठल्या मार्गाने तो थांबवता येत नसेल तरच. तसं झालं तर कारण विचारा, घरच्याला कळवायला लावा, वकिलाला बोलवा, आणि वेळ बघून ठेवा कारण घड्याळ २४ तासांचं आहे. धक्काबुक्की मात्र करायची नाही, केली तर वेगळी केस लागते अन् मूळ मुद्दा बाजूला राहतो. तडीपारीची नोटीस असेल तर तो अजून वेगळा विषय आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचा, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, तिथे घरच्या घरी उत्तर लिहीत बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा, आणि आदेश झालाच तर ३० दिवसांत शासनाकडे अपील.

चॅप्टरची चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही तर ती आपोआप बंद होते, मॅजिस्ट्रेटने खास कारण लिहून वाढवली नाही तर. बाँडची फायनल ऑर्डर झालीच तर सेशन कोर्टात अपील आहे. ऑर्डर झाल्यावर बाँड न देणं म्हणजे जेल, आणि बाँड दिल्यावर वर्षाच्या आत राडा म्हणजे ती रक्कम जप्त होऊ शकते, हे पण डोक्यात ठेवा. सही करून मोकळे झालो म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

माझी फाईल चौथ्या तारखेला बंद झाली, काकांची पण. एक काम मात्र राहून जातं बहुतेकांचं: बंद केल्याच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी घ्या. अर्ज करा, फी भरा, दोन चकरा मारा, पण घ्या. कारण पुढच्या पोळ्याला नवा जमादार येतो, जुनं रजिस्टर उघडतो आणि तुमच्या नावापुढे "यापूर्वी चॅप्टर कारवाई केलेली आहे" एवढंच वाचतो, त्याचं पुढे काय झालं ते त्या रजिस्टरात बऱ्याचदा नसतं. माझी कॉपी लॅमिनेट केली आहे, बडग्याच्या सामानाच्या पेटीत असते, सुतळी अन् खळीच्या डब्याच्या बाजूला. मागच्या वेळी जमादार आला तर त्याला दाखवली, त्याने मोबाईलवर फोटो काढला, चहा घेतला, आणि विचारलं की यंदा कोणाचा बडग्या काढून राहिले.