केगोन धबधबा पाहायला जाताय? या चुका टाळा

टोकियोहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं शोधली की निक्कोचं नाव लगेच पुढे येतं. निक्को म्हटलं की तोशोगू मंदिर आणि केगोन धबधबा ही जोडीही ठरलेली. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात आणि इथूनच बहुतेकांचं गणित चुकायला सुरुवात होते. तोशोगू निक्को गावात आहे. केगोन त्याच्या बराच वर, साधारण १२७० मीटर उंचीवरच्या चुझेंजी तलावाच्या तोंडाशी आहे. मधे इरोहाझाका नावाचा घाट आहे आणि दिवसाचा सगळा हिशोब या घाटावर ठरतो.

आधी मंदिर, मग धबधबा

स्टेशनवरून वर जाणारी बस मंदिरांच्या भागातूनच पुढे जाते. त्यामुळे लोक म्हणतात, वाटेत उतरू, मंदिर पाहू, मग वर जाऊ. तोशोगूतली ती तीन माकडं, सोन्याने मढवलेलं योमेइमोन दार, शोगुन तोकुगावा इएयासूच्या समाधीकडे नेणाऱ्या दगडी पायऱ्या, हे सगळं नीट पाहायचं तर तीन तास सहज जातात. मग दुपारी एक-दीडला बसच्या रांगेत उभं राहायचं. एरवी स्टेशन ते चुझेंजी ओन्सेन (केगोनजवळचा बसथांबा) हा प्रवास पाऊण तासाचा. पण ऑक्टोबरात पानं लाल व्हायला लागली की शनिवार-रविवारी घाटात गाड्या बम्पर टू बम्पर उभ्या असतात आणि तोच प्रवास दोन तासांच्या वर जातो. खाली धबधब्यासमोर नेणारी लिफ्ट संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होते, हिवाळ्यात त्याहूनही आधी. म्हणून क्रम उलटा करा. सकाळी थेट वर जा, मंदिर परतीच्या वाटेवर ठेवा. धबधब्याचं तोंड पूर्वेकडे असल्याने सकाळचं ऊन थेट पाण्यावर पडतं, हा वरचा फायदा. दुपारनंतर फोटोत सावलीच जास्त येते.

शरद ऋतूत जायचंच असेल आणि बजेट परवडत असेल, तर माझं मत सरळ आहे: एक रात्र तलावाकाठी राहा. दिवसभराची धावपळ करून केगोनला पंधरा मिनिटं देण्यात काही मजा नाही.

पास घेतला, पण भलताच

तोबू रेल्वेचे निक्कोसाठी दोन पास प्रसिद्ध आहेत. दोन दिवसांचा 'वर्ल्ड हेरिटेज एरिया' पास स्वस्त दिसतो म्हणून पटकन घेतला जातो. त्यात बस फक्त मंदिरांच्या भागापुरती चालते, घाटावर नाही. केगोनसाठी चार दिवसांचा 'ऑल एरिया' पास लागतो. एकाच दिवसाचा बेत असेल तर जाण्या-येण्याचं भाडं मिळवून पाहा आणि मगच ठरवा. टोकियोतल्या असाकुसा स्टेशनहून सुटणाऱ्या लिमिटेड एक्सप्रेसचं जादा भाडं मात्र दोन्ही पासांत धरलेलं नसतं. आणि देशभराचा जेआर (जपान रेल) पास जवळ असेल तर शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, उत्सुनोमिया आणि तिथून जेआरची निक्को लाइन असं जा. तोबूच्या गाडीत आणि घाटावरच्या बसमध्ये तो पास चालत नाही.

पास चुकीचा निघालाच तर घाबरायचं कारण नाही. सुइका किंवा पास्मो हे प्रीपेड कार्ड बसमध्ये चालतं. कार्डही नसेल तर मागच्या दाराने चढताना छोटी नंबराची चिठ्ठी घ्या, पुढच्या फलकावर त्या नंबराखाली दिसणारं भाडं उतरताना पेटीत टाका. चिठ्ठी घेतली नाही तर पहिल्या थांब्यापासूनचं भाडं मागितलं जाऊ शकतं.

परत येताना आकेचिदाइरा पाहू

ही चूक नकाशा पाहून लक्षात येत नाही. इरोहाझाका म्हणजे खरं तर दोन वेगळे रस्ते: एक फक्त चढायचा, दुसरा फक्त उतरायचा. दोन्ही मिळून ४८ वळणं, प्रत्येक वळणावर जुन्या जपानी वर्णमालेतलं एकेक अक्षर लिहिलेलं. आकेचिदाइराचा रोपवे चढत्या रस्त्यावर आहे. तिथून तीन मिनिटांत वर गेलं की तलाव, त्यातून कोसळणारा केगोन आणि मागे २४८६ मीटरचा नान्ताई पर्वत एकाच चौकटीत दिसतात. उतरती बस तिथून जातच नाही. तेव्हा बघायचं असेल तर वर जातानाच उतरा. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी पुढची जागा पकडावी आणि गोळी घाटाच्या आधीच घ्यावी.

वरून बघून परत फिरणं

लिफ्टजवळ वरचा सज्जा फुकट आहे. तिथून धबधबा तिरका दिसतो, आणि सहाशे येन वाचवून अनेक जण तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. लिफ्ट खडकातून सुमारे शंभर मीटर खाली नेते, मग थंडगार बोगदा, आणि बाहेर आलं की ९७ मीटरची धार अगदी समोर. खरी गंमत धारेच्या आजूबाजूला आहे. नान्ताईच्या लाव्हाने नदी अडवून चुझेंजी तलाव झाला, आणि त्याच लाव्हाच्या थरांतून झिरपलेलं पाणी कड्याच्या मध्यातून बारीक धारांनी बाहेर पडतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्या धारा गोठून निळसर होतात. वरून यातलं काहीच दिसत नाही.

पावसाळ्यात धबधबा, हा आपला हिशोब

सह्याद्रीत जुलैच्या आधी धबधबा बघायला जायचं नाही हे आपल्या अंगात भिनलंय. केगोन तलावाच्या पाण्यावर चालतो, तो पावसाची वाट पाहत नाही. उलट जून-जुलैच्या पावसाळी दिवसांत तिथे इतकं धुकं येतं की फक्त आवाज ऐकू येतो. निघण्याआधी चुझेंजी परिसराचा थेट कॅमेरा नेटवर पाहून घ्या. पोहोचल्यावर धुकं मिळालं तर लिफ्टचं तिकीट लगेच काढू नका. युमोतो ओन्सेनच्या बसने पुढे र्‍युझु धबधब्याला जा. तो उंच नाही, मोठ्या खडकाला वळसा घालून दोन प्रवाहांत उतरतो आणि अगदी जवळून पाहता येतो. वेळ असेल तर युदाकी धबधब्यापासून सेन्जोगाहारा पाणथळीतून र्‍युझुपर्यंतची दोन-अडीच तासांची पायवाट करा, तोवर धुकं विरळ होण्याची शक्यता असते.

धारेखाली भिजायचं मात्र विसरा, पाण्यापर्यंत जायला वाटच नाही. जास्तीचे कपडे न्यायचे ते थंडीसाठी: टोकियोपेक्षा इथे सात-आठ अंश कमी असतं.

बाकी किरकोळ गोष्टी. घाटातल्या माकडांना खायला घालायला बंदी आहे, आणि हातातली पिशवी ती हिसकावतात. कचऱ्याचे डबे जवळपास नसतात, पिशवी सोबत ठेवा. शाकाहारी असाल तर इथली प्रसिद्ध युबा, म्हणजे सोयादुधावरची साय, खा, पण ती ज्या रश्श्यात येते त्यात बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा मागवण्याआधी विचारा. आणि बसमधून उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसच्या वेळेचा फोटो काढून घ्या. ती बस शहराच्या मानाने फार लवकर सुटते आणि त्यानंतर खाली यायला टॅक्सीचं भाडं मोजावं लागतं.