विमान आणि हॉटेलांचे पॉइंट : सोलापूरच्या नियमित प्रवाशांनी या चुका टाळाव्यात

सोलापुरातला टॉवेलचा निर्यातदार किंवा गणवेशाचा ठोक व्यापारी वर्षातून पंधरा-वीस वेळा गाव सोडतो. त्याच्या मोबाइलमध्ये विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या पॉइंट-योजनांची (खर्चावर पॉइंट, आणि पॉइंटवर तिकीट किंवा खोली) मिळून पाच-सहा सभासदत्वे सापडतात. मात्र पॉइंटवर कधी तिकीट काढले का, असे विचारले तर तो हसून विषय बदलतो. याचे मूळ बहुधा तुलनेच्या पद्धतीत असते. कोणती योजना जास्त पॉइंट देते, एवढेच पाहिले जाते. ते पॉइंट आपल्या नेहमीच्या वाटेवर खर्च करता येतील का, हे पाहायचे राहून जाते.

पॉइंटचा आकडा हा पैसा नव्हे. मॅरियट या हॉटेल साखळीच्या बॉनव्हॉय योजनेत बहुतेक हॉटेलांत 10 डॉलरच्या खर्चावर 100 पॉइंट मिळतात, तर अकोर या दुसऱ्या साखळीच्या बहुतेक हॉटेलांत प्राथमिक सभासदाला 10 युरोवर 25 पॉइंट मिळतात. वरवर पाहता मॅरियट चौपट उदार वाटते. परंतु अकोरचे 2,000 पॉइंट म्हणजे 40 युरोंची सूट, असा ठरलेला हिशेब आहे. म्हणजे खर्चाच्या 5 टक्के परत. मॅरियटला तेवढी बरोबरी करायची तर एका पॉइंटमागे अर्धा सेंट वाचला पाहिजे, आणि तिथे खोलीची पॉइंटमधली किंमत मागणीनुसार बदलत असल्याने तो कधी वाचतो, कधी दुपटीने वाचतो, तर कधी वाचतच नाही. विमानालाही हाच हिशेब लावावा. समजा, 9,000 रुपयांचे तिकीट 15,000 पॉइंट आणि 1,800 रुपये कर देऊन मिळते. तर वाचलेल्या 7,200 रुपयांना 15,000 ने भागल्यावर एका पॉइंटची किंमत 48 पैसे निघते. कर वजा न करता भागाकार करणारे स्वतःचीच फसवणूक करून घेतात.

दुसरी चूक सोलापूरकरांच्या बाबतीत विशेष महागात पडते. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून मोजकीच उड्डाणे असल्यामुळे आपण कधी पुणे, कधी मुंबई, तर कधी हैदराबाद गाठतो आणि त्या दिवशी जे स्वस्त असेल ते तिकीट घेतो. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या कापड प्रदर्शनाला एका वर्षी एमिरेट्सने, दुसऱ्या वर्षी लुफ्तान्झाने आणि तिसऱ्या वर्षी एअर इंडियाने गेलेल्या माणसाचे पॉइंट तीन खात्यांत तुटक पडून राहतात. वास्तविक लुफ्तान्झा आणि एअर इंडिया या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीत आहेत (एअर इंडिया 2014 पासून), त्यामुळे दोन्ही प्रवासांचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या योजनेच्या एकाच खात्यात घेता येतात. एमिरेट्स मात्र अशा कोणत्याही आघाडीत नाही. सहयोगी कंपनीच्या अगदी स्वस्त तिकिटांवर पॉइंट कमी मिळतात किंवा मुळीच मिळत नाहीत, म्हणून तिकिटावरील बुकिंग क्लासचे, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारे, अक्षर आधी तपासावे.

पॉइंट जमाच झाले नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिचे कारण पुष्कळदा नावात दडलेले असते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात, तर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. सभासदत्वाचा अर्ज भरताना आपण केवळ नाव आणि आडनाव लिहितो. एजंट तिकीट काढतो ते पासपोर्टबरहुकूम. आणि संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. माझ्या एका खात्यात आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ए’ होता. ते ध्यानात येईपर्यंत आठ महिने लोटले आणि राहिलेले पॉइंट मागण्याची मुदत उलटून गेली. तेव्हापासून पॉइंट खात्यात दिसेपर्यंत मी बोर्डिंग पासचा फोटो पुसत नाही. खात्यातील नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घेणे आणि सभासद क्रमांक एजंटला तिकीट काढण्यापूर्वीच देणे, हा यावरचा उपाय आहे.

हॉटेलांच्या बाबतीत गफलत बुकिंगच्या वाटेत होते. एजंट किंवा बुकिंग संकेतस्थळामार्फत खोली घेतल्यास मोठ्या साखळ्या सहसा ना पॉइंट देतात, ना सभासदत्वाच्या वरच्या दर्जासाठी ती रात्र मोजतात. तिघा सहकाऱ्यांच्या खोल्यांचे बिल एकानेच भरले आणि तो स्वतः त्यांपैकी एका खोलीत राहिला, तर मॅरियट तिन्ही खोल्यांचे पॉइंट देते, पण दर्जासाठी मुक्कामाच्या रात्री मात्र एकाच खोलीच्या धरते. दर्जाच्या मागे धावण्यापूर्वीही हिशेब करावा : मॅरियटमध्ये गोल्ड दर्जासाठी वर्षाला 25 आणि त्यावरच्या प्लॅटिनमसाठी 50 रात्री लागतात, आणि मोफत न्याहारीचा लाभ प्लॅटिनमपासून सुरू होतो. वर्षाला वीस रात्री बाहेर काढणाऱ्याने त्यासाठी महागडे हॉटेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्यास एक रात्र मोफत मिळते, ही सवलत चार दिवसांच्या प्रदर्शनाला नेमकी उपयोगी पडते.

क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान योजनेत वळवण्यापूर्वी हवे ते आसन पॉइंटवर शिल्लक आहे का, ते पाहावे. एकदा वळवलेले पॉइंट बहुधा परत येत नाहीत.

मुदतीचे नियमही सारखे नाहीत. मॅरियटमध्ये 24 महिने काहीच हालचाल नसेल तर पॉइंट जातात, तर आयएचजी या हॉटेल साखळीच्या प्राथमिक सभासदाला 12 महिन्यांचीच मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेचे माइल्स (तिथले पॉइंट) सहसा तीन वर्षांनी संपतात. निवृत्तीनंतरच्या सहलीसाठी पॉइंट साठवणाऱ्यांनी 17 एप्रिल 2019 ही तारीखही आठवावी. त्या दिवशी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. पॉइंटची योजना इंटरमाइल्स या नावाने पुढे चालली, परंतु ज्या विमानांसाठी ते पॉइंट जमवले होते ती विमाने राहिली नव्हती.