लिटररी एजंट हवाय? मग सही करण्याआधी आणि नंतर काय बघायचं

नवीन लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की एजंट मिळाला म्हणजे पुस्तक आलंच. तसं नाहीये. पुस्तक काढतो प्रकाशक, एजंट तुमच्या बाजूने त्याच्याशी बोलतो, घासाघीस करतो, कॉन्ट्रॅक्टमधली बारीक कलमं वाचतो, आणि तुम्हाला पैसे मिळाले की त्यातूनच आपलं कमिशन घेतो. साधारण १५ टक्के, परदेशी किंवा अनुवादाचे हक्क विकले तर बहुतेक वेळा २०, कारण तिथे मधे अजून एक एजंट असतो. त्यामुळे पुस्तक प्रकाशकाला विकलं जायच्या आधीच कोणी वाचायची फी, रजिस्ट्रेशन, एडिटिंगचं पॅकेज असलं काही मागत असेल तर तिथून निघा. कितीही गोड बोलला तरी निघा.

पाठवण्याआधीची तयारी. कादंबरी असेल तर ती पूर्ण लिहून, पुन्हा पुन्हा तासून झालेली हवी, अर्धवट कादंबरीवर नवख्या लेखकाला कोणी घेत नाही. माहितीपर पुस्तकाला मात्र प्रपोजल (पुस्तकाचा आराखडा) आणि एक-दोन नमुना प्रकरणं बहुतेकदा चालतात. एजंट शोधायची माझी आवडती जागा म्हणजे तुमच्यासारख्या पुस्तकांमधलं ऋणनिर्देशाचं पान, लेखक तिथे एजंटचे नाव घेऊन आभार मानतात. मग त्या एजंटच्या साइटवर जाऊन काय मागितलंय ते नीट वाचा आणि तेवढंच पाठवा, पहिली दहा पानं म्हटलंय तर दहाच.

क्वेरी लेटर, म्हणजे एजंटला पुस्तकाची ओळख करून देणारं पत्र, एका पानाचं. इथे सगळ्यात जास्त माती होते, कारण आपण गोष्ट सांगायचं सोडून विषय सांगत बसतो. ‘माझी कादंबरी नात्यांमधल्या विश्वासाचा शोध घेते’ यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘नवरा गेल्यावर शिक्षिका असलेल्या रजनीला त्याच्या कपाटात एका अनोळखी घराची किल्ली सापडते, आणि त्या घराचं भाडं अजूनही कोणीतरी भरतंय’ असं लिहिलं की वाचणारा पुढचं पान उघडतो. क्वेरीत शेवट सांगायचा नाही, पण सिनॉप्सिस, म्हणजे पूर्ण गोष्टीचा सारांश, मागितला असेल तर त्यात शेवट सांगायचाच, लपवायचा नाही.

एकदम सगळ्यांना पाठवू नका, सहा-सात जणांना पाठवा आणि थांबा. उत्तराला आठवडे लागतात, कधी महिने, आणि बऱ्याचदा उत्तर न येणं हाच नकार असतो. कोणीच पूर्ण हस्तलिखित मागत नसेल तर गडबड बहुधा क्वेरीत किंवा पहिल्या पानांत आहे. मागून वाचून नको म्हणत असतील तर पुस्तकावरच परत बसायला लागणार.

समजा फोन आला आणि एजंट म्हणाला की मला तुमचं काम करायचंय. आनंद होणारच, पण त्याच फोनवर हो म्हणू नका प्लीज. बाकी ज्यांच्याकडे हस्तलिखित आहे त्यांना कळवायला दोनेक आठवडे मागून घ्या, ही नेहमीची पद्धत आहे, कोणी रागावत नाही. आणि विचारा: पुस्तकात काय बदल हवेत, कुठल्या प्रकाशकांकडे जाणार, हे पुस्तक विकलं नाही तर पुढे काय करायचं? हा शेवटचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि खरं तर तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पहिलं पुस्तक न विकलं जाणं अगदी कॉमन आहे.

करारात दोन गोष्टी स्वतः वाचा. हा करार एकाच पुस्तकाचा आहे की पुढच्या सगळ्या लिखाणाचा, आणि बाहेर पडायचं तर किती दिवसांची नोटीस. पैसे बहुतेक वेळा आधी एजन्सीकडे येतात आणि कमिशन कापून तुमच्याकडे, तर ते किती दिवसांत येणार हेही लिहून घ्या.

काम सुरू झालं की एजंटला खरं ते सगळं सांगा. हेच हस्तलिखित तुम्ही आधी प्रकाशकांना पाठवलं असेल, ऑनलाइन टाकलं असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो एखाद्या संपादकाकडे जातो आणि तिथे कळतं की नकार आधीच दिलेला आहे. मधेच आपण परस्पर संपादकांना मेल करायचे नाहीत. रोज विचारत बसू नका, पण पुस्तक कोणाकोणाकडे गेलंय आणि काय उत्तरं आली ही यादी मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पुढच्या पुस्तकाची कल्पना लिहायला घेण्याआधी त्याच्याशी बोला, त्यातून वर्षभराची मेहनत वाचू शकते.

नाहीच जमलं तर वेगळं होता येतं. नोटीस लेखी द्या. त्याने आधी केलेल्या करारांवरचं कमिशन त्याला मिळतच राहतं हे धरून चाला, आणि निघताना ती प्रकाशकांची यादी लेखी घ्या, नवीन एजंट पहिल्यांदा तीच मागणार.