वास केकचा, घोट कडू? डेझर्ट चहा चाखताना या चुका टाळा

डेझर्ट चहा म्हणजे गोड पदार्थांचा स्वाद दिलेली चहाची पत्ती: व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट, तिरामिसू, क्रेम ब्रूले, ॲपल पाय. डबा उघडला की वासानेच तोंडाला पाणी सुटतं आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. मग एक तर चहाच्या नावाने बोटं मोडायची, नाहीतर दोन चमचे साखर ढकलून प्रकरण मिटवायचं. दोष कधीकधी चहाचाही असतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ होतो तो चाखण्यात, आणि त्याच्या मुळाशी असते एक चुकीची अपेक्षा: नाव गोड पदार्थाचं आहे, तेव्हा चहाही गोड लागेल.

जिभेकडून नाकाचं काम मागणं

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांस, मशरूमसारखी रसदार चव) एवढंच कळतं. व्हॅनिला कळत नाही. व्हॅनिलाचा वास मुख्यतः व्हॅनिलिनचा, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइडचा, बदामाच्या अर्काचा बेन्झाल्डिहाइडचा, तर भाजलेल्या साखरेच्या वासात माल्टॉलसारखी संयुगं असतात. चहात ही सगळी इतकी थोडी असतात की जिभेवर त्यांचा गोडवा उमटत नाही. आपण आयुष्यभर व्हॅनिला साखरेसोबतच खाल्लेली असते, म्हणून मेंदू त्या वासालाच गोड समजून बसतो. घोट आत गेला की जीभ कडू-तुरट अशी खबर देते, नाक म्हणतं केक, आणि या भांडणात चहा बदनाम होतो.

याची खात्री करून घ्यायला फार वेळ लागत नाही. कोमट झालेला व्हॅनिला चहा घ्या. नाक चिमटीत घट्ट धरा आणि मग घोट घ्या. गरम, कडसर, थोडं तुरट पाणी, बस. कुठला चहा आहे हेही सांगता येणार नाही. आता घोट गिळा, तोंड मिटूनच ठेवा आणि चिमटी सोडून नाकाने श्वास बाहेर टाका. घशामागून व्हॅनिला एकदम वर चढते. या चहाची जवळजवळ सगळी गंमत त्या बाहेर जाणाऱ्या श्वासात आहे. म्हणून घोट गिळल्यावर लगेच बोलू नका, दुसरा घोट घेऊ नका, बिस्किटाकडे हात नेऊ नका. सावकाश श्वास सोडा. चहाचे व्यावसायिक परीक्षक चमच्यातून आवाज करत चहा ओढतात तेही यासाठीच. हवेबरोबर ओढलेला चहा तोंडभर फवारला जातो आणि वास नाकापर्यंत भरपूर पोचतो. चारचौघांत बरं दिसत नाही हे मान्य, पण चाखायला बसलात की सुर्रकन ओढाच.

वाफाळता घोट घेणं

तोंड पोळलं की चव गेलीच. शिवाय फार गरम असताना तुरटपणा आणि चटका यांच्याखाली बाकीचं दबून जातं. गाळल्यावर कप पाच-सात मिनिटं तसाच ठेवा. साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास कॅरॅमल आणि चॉकलेट मोकळे होतात. पूर्ण कोमट झाल्यावर एक घोट राखून ठेवा, कारण खोटं तिथे उघडं पडतं: चांगल्या चहाचा वास थंड होताना मऊ होतो, स्वस्त स्वादाचा साबणासारखा किंवा प्लास्टिकसारखा लागायला लागतो. कढत पिण्याची सवय तशीही सोडलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांच्या वरची पेयं ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात टाकली आहेत. तिथे प्रश्न चहाचा नाही, तापमानाचा आहे.

वास जास्त यावा म्हणून जास्त वेळ मुरवणं

सर्वांत जास्त कप याच चुकीने वाया जातात. स्वाद कमी वाटला की माणूस पत्ती वाढवतो, वेळ वाढवतो, नाहीतर सरळ पातेल्यात उकळतो. पण स्वाद पानाच्या आत मुरलेला नसतो. पत्ती तयार झाल्यावर तिला मोठ्या फिरत्या पिंपात घालून तिच्यावर स्वाद फवारतात. तो पानाच्या अंगावर बसलेला असतो आणि गरम पाणी पडताच पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत सुटून येतो. त्यानंतर पान देत राहतं ते मुख्यतः टॅनिन, म्हणजे तोंड आवळणारी तुरट द्रव्यं. म्हणजे पाच मिनिटांनंतर वाढतो तो कडवटपणा, व्हॅनिला नव्हे. उकळलात तर वास वाफेबरोबर उडून जातो: घरभर केक, कपात नुसता कडकपणा.

चहा चाखण्यासाठी तो कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. (ते ज्यावर बेतलं होतं त्या ब्रिटिश मानकाला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं, चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिल्याबद्दल.) हे प्रमाण एका चहाची दुसऱ्याशी काटेकोर तुलना करता यावी म्हणून आहे, पिऊन खूश होण्यासाठी नाही. डेझर्ट चहाला ते लावलंत तर काढा होईल. २०० मिलिलिटरला २ ते अडीच ग्रॅम, नुकतंच उकळलेलं पाणी, वर झाकण आणि तीन मिनिटं, इथून सुरुवात करा.

नवीन डबा आणला की एक युक्ती करण्यासारखी आहे. मोठा कप लावा आणि दर मिनिटाला एक चमचा चहा छोट्या वाटीत काढत जा. पहिल्यापासून पाचव्या मिनिटापर्यंत पाच वाट्या. थोड्या निवल्या की ओळीने चाखा. पहिलीत वास भरपूर पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, नाही. दुसरी-तिसरीत दोन्ही जुळून येतात. चौथ्या-पाचव्या वाटीत जिभेच्या कडा आवळायला लागतात आणि कॅरॅमल कुठे गेलं ते शोधावं लागतं. तुमच्या डब्याची वेळ कोणती हे वेष्टनावरच्या सूचनेपेक्षा या पाच वाट्या जास्त खरं सांगतील.

त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा ओतलेल्या पाण्याकडून मात्र फार आशा ठेवू नका. स्वाद पहिल्या पाण्यातच गेलेला असतो, उरतो तो साधा चहा.

चमच्याने मोजणं

साध्या पत्तीत चमचा चालतो. इथे पत्तीबरोबर खोबऱ्याचे काप, सफरचंदाचे तुकडे, कोकोच्या बियांचा चुरा, फुलांच्या पाकळ्या असं बरंच काही असतं. एका चमच्यात खोबरंच आलं तर चहा फिक्का, दुसऱ्यात नुसती पत्ती आली तर कडक. छोटा वजनकाटा वापरा. शिवाय बारीक पत्ती आणि दालचिनीची पूड तळाशी बसते, म्हणून चमचा घालण्याआधी डबा आडवा धरून दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा. ‘नव्या डब्याचा चहा छान होता, शेवटी शेवटी कडू झाला’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं.

पाकळ्यांचं म्हणाल तर झेंडूसारख्या दिसणाऱ्या पिवळ्या आणि निळ्या पाकळ्या बहुतेक वेळा शोभेच्याच असतात. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

नाव वाचून चाखणं

डब्यावर तिरामिसू लिहिलंय म्हटल्यावर आपण कॉफी, कोको, मलई शोधत बसतो आणि सापडतातही. फ्रान्समध्ये बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला, तर विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत, मग डब्यावर केकचं चित्र बघून आपण काय तटस्थ राहणार! म्हणून घरातल्या कुणालातरी कप लावायला सांगा आणि कपाखाली आकडे चिकटवा. काय लागलं ते आधी लिहा, नाव मग बघा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असे किती चहा आहेत ते कळेल. माझ्या अनुभवात व्हाइट चॉकलेट नावाचे चहा यात आघाडीवर असतात. त्यांत बहुतेकदा असते व्हॅनिलाच.

लिहितानाही ‘मस्त’, ‘ठीक’ लिहून उपयोग नाही, महिन्याने त्यावरून काहीच आठवत नाही. करपत आलेली साखर, आटवलेलं दूध, ओलं लाकूड, भाजलेला ब्रेड, असं नेमकं लिहा. आणि आधी काय लागलं, मध्ये काय, गिळल्यावर काय राहिलं हे वेगळं नोंदवा. स्वाद बहुधा आधी आणि शेवटी असतो, मधली जागा चहाची. ती मधली जागाच रिकामी असेल तर पत्ती हलकी आहे, वर कितीही कॅरॅमल ओता.

म्हणूनच डब्यावर मूळ पत्ती कुठली लिहिली आहे ते बघा. आसामच्या पत्तीला माल्टसारखं (मोड आणून भाजलेल्या धान्यासारखं) अंग असतं, कॅरॅमल आणि चॉकलेट ती पेलते. सिलोनची (श्रीलंकेची) पत्ती जास्त तरतरीत. फळांच्या स्वादाला ती बरी. चीनच्या कीमन चहात मुळातच कोकोची छटा असते, त्यामुळे चॉकलेट त्याच्यावर चिकटवल्यासारखं वाटत नाही. नुसतंच ‘ब्लॅक टी’ लिहिलं असेल तर तो वाईटच असेल असं नाही, पण भरवसा कमी.

एका बैठकीत दहा कप

चार-पाच कप पुरेत. सतत तोच वास घेतला की नाक त्याला सरावतं आणि कळेनासं होतं. क्रम महत्त्वाचा: व्हॅनिला आणि मलईचे आधी, मग कॅरॅमल, मग चॉकलेट, आणि दालचिनी, पुदिना, ज्येष्ठमध असलेले सर्वांत शेवटी. ज्येष्ठमध मध्ये आलं की पुढचे सगळे कप गोड लागतात. त्यातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या ३० ते ५० पट गोड असतं आणि जिभेवर रेंगाळतं. साखर न घालताही चहा गोड लागला तर घटकांच्या यादीत ज्येष्ठमध किंवा स्टीव्हिया (एका वनस्पतीची गोड पानं) शोधा. मला हा उसना गोडवा आवडत नाही, सगळे स्वाद त्याच्याखाली सारखेच होतात. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ज्येष्ठमध रोज भरपूर घेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

दोन कपांच्या मध्ये साधं पाणी प्या आणि थोडी मोकळी हवा घ्या. कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक ताजं होतं म्हणतात. साध्या हवेपेक्षा त्याचा काही वेगळा फायदा नाही.

साखर आणि दूध: कधी?

पहिला अर्धा कप कोरा, मग हवं ते. उरलेल्या चहाचे दोन भाग करून एकात पाव चमचा साखर घाला आणि दोन्ही चाखून बघा. तेवढ्या साखरेने फळाचा किंवा कॅरॅमलचा वास दुप्पट झाल्यासारखा वाटतो, कारण मेंदूला त्याची ओळखीची जोडी मिळते. कडूपणाच खुपत असेल तर साखरेआधी मिठाचे चार कण घालून बघा. मीठ कडूपणा दाबतं, खारट लागण्याइतकं मात्र नको. दुधातलं केसीन हे प्रथिन टॅनिनला धरतं, म्हणून तुरटपणा कमी होतो. पण स्निग्धांश वासाचाही काही भाग धरून ठेवतो. चॉकलेट, कॅरॅमल दुधात तरतात, नाजूक मलई-व्हॅनिला हरवते.

आणि तरीही बिघडलं तर

अत्तर प्यायल्यासारखं वाटतंय: स्वाद जास्त मारलेला आहे. त्याच जातीची साधी पत्ती निम्म्याला निम्मी मिसळा. डबा फेकण्याआधी हे करून बघाच, अनेक चहा यानेच पिण्यालायक होतात.

दूध फाटलं: स्ट्रॉबेरी केक, चीजकेक अशा नावांच्या चहात जास्वंदीच्या जातीची आंबट फुलं किंवा सुकी फळं घातलेली असतात. सामू (पीएच, आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या जवळ गेला की केसीन गोळा होतं. तो चहा कोराच प्या.

वर तवंग आला: चमच्याने हलवून बघा. तेलाचे गोल थेंब दिसले तर ते कोको किंवा खोबऱ्याचं तेल, त्यात बिघडलेलं काही नाही. पापुद्र्यासारखा तुटला तर पाणी जड आहे. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा.

खवट वास येतोय: खोबरं किंवा सुकामेवा जुना झाला. याला इलाज नाही, टाकून द्या. असे चहा थोडेच आणावेत आणि लवकर संपवावेत.

सगळ्याच चहांना दालचिनीचा वास: डबे शेजारीशेजारी ठेवलेत किंवा गाळणी एकच आहे. सिलिकॉनची गाळणी आणि झाकणाचं रबर वास धरून ठेवतात. रबर काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. बिनझिलईच्या मातीच्या किटलीत स्वादाचा चहा करूच नका, ती तो वास कायमचा पिऊन टाकते.

फ्रिजमध्ये ठेवलेला चहा गढूळ झाला: खराब झालेला नाही. थंड झाल्यावर कॅफीन आणि थिआफ्लेविन (काळ्या चहातली रंगद्रव्यं) एकत्र येऊन साका धरतात. थोडं उकळतं पाणी घातलं की चहा पुन्हा नितळ होतो. गारच हवा असेल तर पत्ती गार पाण्यातच आठेक तास फ्रिजमध्ये भिजवा. कडूपणाही कमी उतरतो आणि गढूळपणाही सहसा येत नाही.