उन्हाळ्यात रंग सुकतो, त्यावर सापडलेला उपाय

अकोटकडचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या घरात. अशात २८ मिलिमीटर उंचीचे छोटे खेळण्यातले सैनिक रंगवायला घेतले की ॲक्रिलिक रंगाचा थेंब ताटलीत पडतो न पडतो तोच त्याच्या कडा सुकायला लागतात. ब्रशच्या टोकाशी रंग घट्ट होतो, केस फाकतात आणि बटणाच्या जागी डाग पडतो. पाणी वाढवत गेलं तर रंग कपड्यांच्या घड्यांत साचतो.

उपाय मिठाईच्या प्लास्टिक डब्यात निघाला. तळाला जुन्या सुती लुगड्याची घडी, पाण्यात गच्च भिजवलेली, आणि वर बटर पेपर. मेण लावलेला कागद चालत नाही, त्यातून ओल वर येत नाही. झाकण घट्ट लावलं की सकाळी कालवलेला रंग संध्याकाळीही वापरता येतो. एवढ्याशा गोष्टीने हात मोकळा झाला!

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मात्र उजाडतानाच मारा. दुपारच्या झळांत थेंब हवेतच सुकतात आणि सैनिकावर रव्यासारखे बसतात. कूलरसमोर तर नकोच.

सध्या १८०३ ची अडगावची लढाई मांडतोय. नागपूरकर भोसल्यांचं सैन्य आणि समोर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, तेही आमच्याच भागात. म्हणून या कामात जीव गुंततो. कंपनीच्या शिपायांचे लाल डगले काळ्या प्रायमरवर उठत नाहीत. आधी तपकिरी हात द्या, मग लालचे दोन पातळ हात. छातीवरचे पांढरे पट्टे सगळ्यात शेवटी.