फ्री फ्लो बसवला, आता ट्यूनर घेताय? आधी या चुका टाळा

माझ्या इंटरसेप्टर ६५०ला हेडरसकट (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) फ्री फ्लो, म्हणजे वायूला कमी अडवणारा सायलेन्सर बसवला, तेव्हा पहिले चार दिवस नुसता आवाज ऐकण्यात गेले. पाचव्या दिवशी खंबाटकी चढताना कळलं, की तीन हजार आरपीएमच्या आसपास गाडी ठसका लागल्यासारखी अडतेय. थ्रॉटल सोडला की मागे फटाक्यांची माळ. ज्याच्याकडून सायलेन्सर घेतला त्याने फोनवरच निदान केलं: "लीन झालीये, ट्यूनर टाका." लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि ट्यूनर म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बदलणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स. टाकला. पैसे गेले, ठसका राहिला. मग तीन आठवडे मी रात्री जेवण झालं की लॅपटॉप घेऊन पार्किंगमध्ये बसायचो आणि मॅपच्या (कधी किती पेट्रोल द्यायचं त्या तक्त्याच्या) रकान्यांत दोन-दोन टक्के पेट्रोल वाढवायचो. गाडी आणखी जड झाली, अ‍ॅव्हरेज पडला.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी लॅपटॉपकडे न बघता आधी प्लग काढले. काजळीने काळेकुट्ट! लीन गाडीचे प्लग असे दिसत नाहीत. मग त्यांनी थंड इंजिन चालू करून हेडर जिथे सिलिंडर हेडला मिळतो तिथे साबणाचं पाणी टाकलं. डाव्या बाजूला फेस आला. हेडर बदलताना जुनं दबलेलं गास्केटच परत लावलं होतं. नाना पेठेतून नवं गास्केट आणलं, बसवलं, आणि तीन आठवड्यांचा ठसका अर्ध्या तासात गेला.

असं का होतं, ते एकदा समजून घ्या, कारण निम्मे ट्यूनर याच गैरसमजातून विकत घेतले जातात. एक्झॉस्टमधून वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. दोन ठोक्यांच्या मधे पाइपात दाब कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. गाडी प्रत्यक्षात रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेली असते आणि आपण तिला आणखी पाजत बसतो.

म्हणून ट्यूनरचा विचार करण्याआधी प्लग, एअर फिल्टर, एक्झॉस्टचे जॉइंट, बॅटरीचा व्होल्टेज आणि फ्युएल पंपाचा दाब तपासा. बॅटरी कशाला, असं वाटेल. इंजेक्टर ही विजेवर उघडणारी झडप आहे. व्होल्टेज कमी असेल तर ती उघडायला जास्त वेळ घेते. मरणाऱ्या बॅटरीवर केलेला मॅप नवी बॅटरी टाकल्यावर बिघडतो.

ईसीयू तुमचे आकडे पुसतो

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॉक्स काय करतो हे बघायचं आणि गाडीचा ईसीयू त्याला काय करू देतो हे विचारायचंच नाही.

कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर बहुतेक गाड्यांत नॅरोबँड असतो. त्याला दोनच गोष्टी कळतात: लॅम्डा (मिळालेली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा) १च्या वर की खाली. ०.४५ व्होल्टच्या अलीकडे लीन, पलीकडे रिच. किती लीन, ते त्याला सांगता येत नाही. आयडलला आणि एका वेगात शांतपणे चालवताना ईसीयू याचं ऐकून पेट्रोल सतत कमी-जास्त करतो. हा क्लोज्ड लूप. थ्रॉटल जोरात पिळला की तो सेन्सर सोडून स्वतःच्या टेबलावर जातो. तो ओपन लूप.

आता पिगीबॅक बॉक्स, म्हणजे ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसणारा, क्लोज्ड लूपमध्ये पाच टक्के पेट्रोल वाढवतो तेव्हा काय होतं? सेन्सर म्हणतो रिच, ईसीयू पाच टक्के कापतो. पहिल्या दिवशी गाडी मस्त वाटते आणि आठवड्याभरात होती तशी होते. लोक म्हणतात "ट्यूनर उतरला". ट्यूनर उतरत नाही, ईसीयू शिकतो.

त्यामुळे घेताना थेट विचारा: हा बॉक्स ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नलही हाताळतो की फक्त इंजेक्टरचा? बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा फ्युएलएक्स सेन्सरचा सिग्नल हाताळतो, त्यांचाच पॉवरट्रॉनिक इंधनासोबत इग्निशन टायमिंगलाही हात घालतो. पॉवर कमांडरसारख्यात थ्रॉटलचे रकाने आणि दर २५० आरपीएमला एक ओळ असं सगळं टेबल तुमच्या हातात येतं. फक्त फ्री फ्लो आणि फिल्टर बदलला असेल तर पहिल्या प्रकाराने भागतं. कॅम किंवा कॉम्प्रेशन बदललं असेल तर टायमिंगशिवाय अर्धंच काम होतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या दोन स्वस्त वस्तूंपासून मात्र लांब राहा. पहिली, सेन्सर काढून त्या जागी लावायचा "एलिमिनेटर" प्लग. त्याने क्लोज्ड लूप कायमचा बंद होतो, पण पुढे मॅप करणारं कुणी नसेल तर गाडी आंधळी चालते. दुसरी, हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा साधा रेझिस्टर, "परफॉर्मन्स चिप" नावाने विकला जातो. तो ईसीयूला सांगतो की हवा थंड आहे, आणि ईसीयू बिचारा थोडं पेट्रोल वाढवतो. मे महिन्यात नागपुरात असा चिप लावलेली गाडी पाहिलीय, तिच्या ईसीयूला वाटत होतं आपण महाबळेश्वरला आहोत.

परदेशी मॅप आणि आपलं पेट्रोल

"तुमच्या सायलेन्सरचा मॅप तयार आहे, डाउनलोड करा" हे ऐकायला छान वाटतं. पण तो मॅप कोणत्या पेट्रोलवर बनला? निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. आपल्याकडच्या ई२०ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) ती साडेतेराच्या आसपास पडते. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ८ टक्के पेट्रोल जास्त लागतं. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू हे भरून काढतो, फुल थ्रॉटलला नाही. निव्वळ पेट्रोलवर केलेला मॅप इथे नेमका तिथेच लीन पडतो जिथे पिस्टन सर्वात तापलेला असतो.

इथेच मीटर वाचण्यातली चूकही होते. वाइडबँडचा (किती लीन, किती रिच तेही सांगणाऱ्या सेन्सरचा) गेज बहुधा लॅम्डा मोजतो आणि १४.७ने गुणून दाखवतो. गेजवर १३ दिसलं तर पेट्रोल कोणतंही असो, लॅम्डा ०.८८ आहे. "ई२० आहे म्हणून १२ ठेवू" असं डोकं लावाल तर मिश्रण उगाच घट्ट होईल. गेज लॅम्डावर ठेवा, गुणाकार विसरा.

वाइडबँड लावायचा ठरवलात तर अजून एक: बॉशच्या एलएसयू ४.९चा आटा १८ मिलिमीटरचा असतो, बऱ्याच बाइकच्या सेन्सरचा १२चा. म्हणजे पाइपात वेगळा बंग (सेन्सर बसवायची आट्याची कडी) वेल्ड करावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये कुणीच सांगत नाही.

बॉक्स, की ईसीयू फ्लॅश?

माझं मत: बॉक्स किंवा फ्लॅश (ईसीयूतलं सॉफ्टवेअरच बदलणं), तुमच्या गावातल्या ट्यून करणाऱ्याला जे येतं ते घ्या. उत्तम बॉक्स आणि दोनशे किलोमीटरवर ट्यून करणारा, यापेक्षा मध्यम बॉक्स आणि हाताशी असलेला ट्यूनर बरा. इथे ट्यूनर म्हणजे माणूस.

राइड-बाय-वायर गाड्यांत, उदाहरणार्थ २०१७नंतरच्या ३९० ड्यूकमध्ये, मूठ पिळल्यावर बटरफ्लाय (हवेची झडप) किती उघडायचा हे ईसीयू ठरवतो. तिथे इंधनाचा बॉक्स लावून थ्रॉटलचा आळस जात नाही. त्यासाठी फ्लॅशच करावा लागतो. फ्लॅश करताना मूळ फाइलची प्रत घ्या आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवा, मधेच करंट पडला तर ईसीयू मरू शकतो. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केलं तर तुमचा मॅप पुसला जाऊ शकतो, तेव्हा गाडी देताना तोंडाने सांगून ठेवा.

पिगीबॅकची एक जमेची बाजू लेहला जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. तो मूळ ईसीयूच्या आकड्यावर टक्केवारी चढवतो, त्यामुळे खारदुंगला पासला १७,००० फुटांच्या वर, जिथे हवा जवळजवळ निम्मी असते, ईसीयूची उंचीची दुरुस्ती तशीच लागू राहते.

मोठं काम करणाऱ्यांनी आधी गणित करावं. ६५०चं इंजिन ८६५ सीसी केलं की तिसरा हिस्सा पेट्रोल जास्त लागतं. ७,५०० आरपीएमला इंजिनचं एक चक्र १६ मिलिसेकंदांत संपतं आणि इंजेक्टर त्यातला ८५ टक्के, म्हणजे १३.६ मिलिसेकंदांपेक्षा जास्त उघडा ठेवू नये. समजा तो आधीच ११ मिलिसेकंद उघडत होता, तर आता त्याला जवळपास १४.७ हवेत. कोणताही बॉक्स ती जागा निर्माण करू शकत नाही. इंजेक्टर मोठा लागतो.

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा कागदही जपून वाचा. त्यावर छापलेला आकडा फुल थ्रॉटलचा असतो आणि शहरात आपण मूठ पाव भागसुद्धा उघडत नाही. ट्यून करणाऱ्याने ५, १० आणि २० टक्के थ्रॉटलला वेळ दिला का, हे विचारा. नुसत्या पाइप-फिल्टरवर ४७चे ६० घोडे कुणी दाखवले तर हसून बाहेर या.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४)नुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका.

बसवल्यावर गाडी बिघडली तर

आधी बॉक्स काढा, कंपनीचे कपलर परत जोडा आणि त्याच रस्त्यावर, त्याच पेट्रोलवर चालवा. त्रास गेला तर दोष मॅपमध्ये किंवा वायरिंगमध्ये. राहिला तर गाडीत, मग मॅपला हात लावू नका. बॉक्स परत लावताना सगळे आकडे शून्यावर ठेवून एकदा चालवा. शून्य मॅपवरही मिसिंग (मधेच ठोका चुकणं) येत असेल तर अर्थिंग बघा: ती वायर फ्रेमच्या रंगावर न कसता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला गेली पाहिजे. थ्रॉटल सोडल्यावर अधूनमधून एखादा फटका येणं फ्री फ्लोला नेहमीचंच, त्यापायी पेट्रोल वाढवू नका.

आणि फक्त पावसातच मिसिंग येत असेल तर सीट उचला. माझ्या बॉक्सचा कपलर तोंड वर करून ठेवला होता, ताम्हिणीच्या एका पावसात त्यात चमचाभर पाणी साचलं. आता तो तोंड खाली करून, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरून, केबल टायने बांधलाय.